सारवलेल्या खळ्यावरची मोटारसायकल

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने मला फसवलं. त्याने मला जुनी मोटारसायकल विकली, तिच्या इंजिनातून तेलाचा एक थेंब गळत नाही असं तोंडावर सांगितलं, आणि मी ती चालवत घरी पोचलो तेव्हा माझ्या पँटचा एक पाय गुडघ्याखाली काळा झाला होता. फसवणारा तो, फसलेला मी. ज्याला घाई आहे त्याने एवढं वाचून उठावं. मला घाई नाही. मला ते इंजिन समजून घ्यायचं होतं आणि तो माणूसही. इंजिन कळलं.

मी काजूबियांचा व्यापार करतो. मालवणच्या अलीकडे रस्त्याला लागून माझा गाळा आहे, मागे घर. तो मला कुणी दिलेला नाही. सुरुवातीला मी सायकलला गोण बांधून वाडीवाडीवर फिरत होतो. त्या फिरण्यात मी एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे गोणीच्या तोंडावरची बी बघायची नाही. हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातली मूठ बाहेर काढायची आणि त्यातली बी चाकूने उभी कापून गर बघायचा. शेतकरी चिडतात. म्हणतात, "अवो, वरची बी काय खोटी आसा?" मी म्हणतो, "वरची तू दाखवतस. तळाची माका बघूक व्हयी." माझ्या तोंडाला लागायला नको म्हणून काही लोक दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथे कमी भाव घेऊन परत माझ्याचकडे येतात. भाव करताना मी ओरडतो, हे खरं आहे. पण मी खोटं बोलत नाही.

असा मी, आणि मोटारसायकल मात्र वरवर बघून घेतली. त्याचं कारण ते खळं.

माझी सासुरवाडी देवगडच्या बाजूला, खाडीकाठी आहे. पूल व्हायच्या आधी सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, त्या खाडीवर होडीने माणसं पलीकडे सोडायचे. आता ते थकले आहेत, पण नजर अशी की पलीकडच्या काठावर उभा असलेला माणूस कोण ते अजून सांगतात. मेव्हणा जिल्ह्याच्या ठिकाणी ऑफिसात नोकरीला आहे, सुट्टीला घरी येतो. घरात तो आमच्यासारखाच मालवणी बोलतो. पण काही लपवायचं असलं की तो ऑफिसातल्या मराठीवर जातो. हे मला तेव्हा माहीत होतं, आणि तरीही मी त्या दिवशी तिकडे लक्ष दिलं नाही.

मे महिना होता. मी आंब्याच्या कामाने देवगडला गेलो होतो, बायको बरोबर होती, म्हणून सासुरवाडीला उतरलो. घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, त्याच दिवशी शेणाने सारवलेलं होतं, कडेला अजून ओलं. मधोमध ती मोटारसायकल स्टँडवर उभी. जुनी, जड, साडेतीनशे सीसीची, धुऊन पुसून चकचकीत केलेली. अशा गाडीचा आवाज मला लहानपणापासून आवडतो. आमच्या वाडीत ती फक्त एका कंत्राटदाराकडे होती, आणि तो आला की आम्ही पोरं तिच्या सायलेन्सरला हात लावून बघायचो, कुणाचा हात जास्त वेळ टिकतो ते. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, इंजिनाची स्थिती उत्तम आहे. तेलगळती अजिबात नाही."

तेलगळती! हा शब्द ऐकून तरी मी सावध व्हायला हवं होतं. पण मी वाकून इंजिनाखाली बघितलं. शेणाची हिरवी जमीन, एक डाग नाही. जुन्या गाडीखाली डाग नाही म्हणजे गाडी बरी. मी भाव करायला बसलो. चहापासून सुरू झालेली घासाघीस जेवणाची पानं मांडली तरी चालू होती. मेव्हणा घाम पुसत होता. शेवटी पडवीत बसलेले सासरे मुलाला म्हणाले, "देवन टाक रे. जावई आसा आपलो." सौदा पटला.

मेव्हणा दुसऱ्या दिवशी पहाटेच नोकरीवर परत गेला, आणि आम्ही निघताना सासऱ्यांनी टाकीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "घेवन जावा. गळूची नाय ती." त्यांनी हे इतक्या खात्रीने सांगितलं की मला थोडं नवलच वाटलं. मोटारसायकलीतलं त्यांना काय कळतं? पण रस्त्यात पँट काळी झाली तेव्हा मी असा अर्थ लावला की बापसुद्धा मुलाच्या खोट्यात सामील आहे.

घरी पोचल्यावर मी ती पँट न बदलता मेव्हण्याला ऑफिसात फोन लावला. एरवी मी त्याला दादानू म्हणतो. त्या दिवशी अरेतुरेवर आलो.

"गाडी गळता!"

पलीकडून, "कुठून?"

"खंयसून म्हणजे? सगळीकडसून!"

"भावोजी, आमच्याकडे असताना ती गळत नव्हती, हे मी जबाबदारीने सांगतो."

"तुझी जबाबदारी ऑफिसात ठेव रे! खळा सारवलंस तां कित्याक? डाग झाकूक?"

त्यावर तो काहीच बोलला नाही. नाही म्हणाला असता तर मी भांडलो असतो आणि भांडून मोकळा झालो असतो. गप्प बसला म्हणून मी पेटलो. म्हटलं, जोपर्यंत तू कबूल करत नाहीस तोपर्यंत तुझ्या खळ्यात पाय ठेवणार नाही.

बायको मागे उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे मी पण जावचा नाय?"

"तू जा की. तुका कोण अडवता?"

"एकटी कशी जाव? सगळी विचारतली, घोव खंय म्हणान. काय सांगू? तेल गळता म्हणान येवक नाय?"

चतुर्थीला ती माहेरी गेली नाही. आरतीच्या वेळी तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, आणि मोदक मात्र मला जास्त वाढले. तो राग कसला होता ते मला कळतं. पुढे मार्गशीर्षात तिच्या गावची जत्रा होती. त्या जत्रेला माहेरवाशिणी कुठेही असल्या तरी येतात आणि देवीची ओटी भरतात. तिने मला आधीच सांगून ठेवलं, "जत्रेक मी जातलंय. तुमी येवा. पण भांडूक येवचा असात तर येव नकात."

मी म्हटलं, येतो. मनात ठरवलं की पुरावा घेऊन येतो, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर तुझ्या भावाला विचारतो.

तेव्हा जत्रेपर्यंत माझ्याकडे वेळ होता आणि एक गळकं इंजिन होतं.

आधी बाजारातल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. तो गाडीकडे न बघताच म्हणाला, "जुनी गाडी आसा, घाम येतलोच." मी विचारलं, घाम कुठून येतो ते तरी दाखव. तो म्हणाला, सगळी सीलं बदलूया. मी म्हटलं, गोणीतली एक बी किडकी निघाली म्हणून मी गोण जाळत नाही. तिथून निघालो आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये घेतली. पान्यांचा डबा माझ्याकडे होताच. फोनवर हिंदी व्हिडिओ बघितले. सगळे एकच सांगत होते, सील बदला, पॅकिंग बदला. पण तेल नेमकं कुठून येतं हे कसं बघायचं, ते कुणी सांगत नव्हतं. मला तेच बघायचं होतं.

इंजिनावरून वाऱ्याने तेल मागे पसरतं, त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथून ते आलेलं असेलच असं नाही. डिझेल आणि ब्रशने मी सगळं इंजिन धुतलं, सुकवलं आणि त्यावर पावडर उडवली. पावडर कोरडी राहील तिथून तेल येत नाही, जिथे पहिली रेघ उमटेल तिथून येतं, असा माझा हिशेब होता.

आतून हाक आली, "माझी पावडर खंय गेली?"

"इंजिनाक लावलंय."

"इंजिनाक? लगीन आसा तेचा?"

गाडी आचऱ्याच्या रस्त्याला थोडी फिरवून आणली. परत येऊन टॉर्च मारली तर पहिली रेघ वर होती, इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेटच्या झाकणाच्या कडेला. मला इतका आनंद झाला, जसा तळातली बी कापल्यावर पांढरा गर दिसला की होतो. झाकण काढलं. आतलं पॅकिंग सुकून फुटाण्यासारखं झालं होतं. नवीन पॅकिंग मिळायला कुडाळला जावं लागणार होतं. पण जाड कागदाचं पॅकिंग कापता येतं हे मला ठाऊक होतं, म्हणून कपाटातून एक लग्नपत्रिका काढली. चांगली जाड, दोन घड्यांची. बायको दारातून बघत होती. "त्या पत्रिकेतलो गणपती कापू नकात हां." गणपती वाचवून मी पॅकिंग कापलं, तेलात भिजवून बसवलं आणि बोल्ट एकाआड एक आवळले, म्हणजे झाकण तिरकं बसत नाही. पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर, पुन्हा फेरी. टॅपेटचं झाकण कोरडं ठणठणीत.

पण आता रेघ खाली होती, गिअरच्या दांड्याजवळ.

तिथलं सील बदललं. ते कोरडं झालं. मग डाव्या बाजूच्या मोठ्या झाकणातून यायला लागलं. तेही काढलं, कडा घासून सरळ केल्या, शेलॅक, म्हणजे लाखेचं चिकट, लावून बसवलं. पुन्हा टॅपेटच्या झाकणातून. माझ्या गणपती वाचवून कापलेल्या पॅकिंगच्या बाजूने. त्या दिवशी माझा ताबा सुटला आणि हातातला पाना मी फेकला. तो विहिरीत पडला. बायको पाणी काढताना रोज कळशीत डोकावून बघायची, आणि माझ्याकडे बघायची.

राग उतरला की मी शेडमध्ये स्टुलावर बसून त्या इंजिनाकडे बघत बसायचो. खरं सांगतो, त्या दिवसांत मेव्हण्याची आठवणही कमी यायची. मला वेगळंच काही छळत होतं. एका माणसाशी भाव करताना तुम्ही त्याचा एक मुद्दा पाडला तर तो दुसरा काढतो, दुसरा पाडला तर तिसरा. याचा अर्थ त्याचा खरा मुद्दा त्या तिन्हीपैकी एकही नाही. तो वेगळाच असतो आणि तो माणूस तो काढत नाही. हे तेल तसं वागत होतं. सीलं आणि पॅकिंगं हे त्याचे बोलायचे मुद्दे. खरा मुद्दा आत कुठेतरी होता.

गोण जास्त भरली की शिवण उसवते. एक शिवण दाबली की दुसरी उसवते. मग तेल जास्त झालंय का? तेल मोजायची पट्टी काढून बघितली. बरोबर खुणेवर. आणि एक गोष्ट लक्षात आली. गाडी उभी असली की गळत नाही. रात्रभर उभी ठेवली तर सकाळी खाली कोरडं. चालवली की गळते, आणि चढावर जास्त. म्हणजे तेल नुसतं वजनाने खाली पडत नाही. त्याला आतून कुणीतरी ढकलतंय. कोण?

कार्तिकातली गोष्ट. बायकोने कुकरला काळे वाटाणे लावले होते. मी जेवायला बसायची वाट बघत होतो, आणि कुकरच्या झाकणाच्या कडेने फुसफुस करून वाफ आणि काळं पाणी येत होतं, शिट्टी मात्र होत नव्हती. मी म्हटलं, "रिंग गेली गो तुझी. नवीन आणूक व्हयी."

ती म्हणाली, "रिंग गेल्या महिन्यात बदललंय. शिट्टी चोंदली हा, वाटाण्याची साल अडाकली. शिट्टी चोंदल्यावर रिंगा कितीय बदला, वाफ खंयसून तरी भायर पडतलीच."

मी तसाच उठलो. ती म्हणाली, "अवो, जेवण!" मी शेडमध्ये जाऊन गाडीला किक मारली, इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवलं आणि तेल भरायच्या जागेचं झाकण हळूच फिरवलं. फुस्स! गरम वाफ तोंडावर आली. इंजिनाच्या पोटात वारा कोंडला होता.

म्हणजे याला पण शिट्टी असली पाहिजे. आतला पिस्टन खालीवर होतो, तो भात्यासारखा हवा ढकलत असणार, आणि ती बाहेर पडायला जागा असणार. मी इंजिनाभोवती उकिडवा बसून फिरलो. मागच्या बाजूने एक काळी रबरी नळी निघत होती. मी तिला आजवर वायरच समजत होतो. ती चेनच्या गार्डआड जाऊन तिथेच संपत होती. तिचं टोक तोंडात धरून फुंकलं. हवा जाईना. जोर लावला, कानांत दडे बसले, पण हवा जाईना.

आधी मला वाटलं कुंभारीण माशीने भरली. ती माशी आमच्याकडे दाराच्या भोकात, टीव्हीच्या पाठीमागे, कुठेही माती भरून घर करते. तारेने टोकरून बघितलं. माती असती तर भुगा पडला असता. हे कडक होतं, गोटीसारखं. नळी काढून चाकूने उभी चिरली, काजूची बी चिरतो तशी. आत बोटाएवढं तपकिरी बूच. ते मी मधोमध कापलं आणि उन्हाकडे धरलं. त्यात कापसाचे धागे होते, एकावर एक पिळून बसवलेले, आणि त्यावर चिकट काहीतरी ओतून सुकवलेलं. हे माशीचं काम नव्हतं. हे माणसाने केलं होतं, सावकाशीने, आणि त्याला ते चांगलं येत होतं.

माझा मेव्हणा भिंतीत खिळा मारायलासुद्धा माणूस बोलावतो. हा हात त्याचा नव्हता.

मी त्या बुचाचा तुकडा काडेपेटीच्या काडीवर धरला. धूर आला, आणि स्वयंपाकघरातून बायको हातातली पळी घेऊन बाहेर आली.

"ह्यो वास खंयसून इलो?"

"कसलो वास?"

"होडयेचो. बाबा होडयेक लावत तो. राळ आणि उंडीचा तेल." मग तिने माझ्या हातातला तुकडा बघितला, ती चिरलेली नळी बघितली आणि पळी तशीच धरून उभी राहिली.

पावसाळ्यात होडी वर ओढली की फळ्यांच्या फटी उघडतात. त्यांत कापूस ठोकून भरतात आणि वरून राळ आणि उंडीचं तेल तापवून ओततात. माझे सासरे दरवर्षी ते स्वतः करायचे. होडीत पाणी शिरू द्यायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा आणि अभिमान होता. "गळूची नाय ती," असं त्यांनी खात्रीने का सांगितलं ते मला आता कळलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी गळती बंद केली होती.

बायको म्हणाली, "बाबांका कायेक बोलूचा नाय हां."

मी म्हटलं, "मी कशाक बोलू? पण तुझ्या भावाक..."

"दादाक तरी म्हायत आसात काय?"

तो प्रश्न बरोबर होता. त्याला हे माहीत होतं का? ते कळल्याशिवाय माझा हिशेब पुरा होत नव्हता. मी नवी नळी आणून लावली, पोटाची हवा मोकळी केली. गाडी चालवून आणली. टॅपेट कोरडं, गिअर कोरडा, झाकण कोरडं. फक्त त्या नळीच्या टोकातून, पुष्कळ चालवल्यावर, एखादा थेंब. मग कळलं की तो तसाच पडायचा असतो, चेनवर. गाडी बनवणाऱ्याने ते तेल चेनला मिळावं म्हणूनच ती नळी तिकडे नेली होती. इतक्या हुशारीचं काम बघून मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

मार्गशीर्षात आम्ही त्याच गाडीवरून जत्रेला गेलो. बायको मागे ओटीचं सामान मांडीवर घेऊन बसली होती. खाडी दिसायला लागल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे, लक्षात आहे ना.

सासुरवाडीचं खळं पुन्हा सारवलेलं होतं, कडेला ओलं. माझ्या डोक्यात सणक गेली. मग वहिनी, मेव्हण्याची बायको, हात धुवत पुढे आली आणि म्हणाली, "आता सारवून झाला बघा. मामा सकाळपासून मागे लागले, जावई येतले, खळा सारव, खळा सारव म्हणान. मे म्हयन्यात पण असेच."

एक आरोप तिथेच गळाला. मी तो इथे लेखी मागे घेतो. खळं डाग झाकायला सारवलं नव्हतं, माझ्यासाठी सारवलं होतं.

गाडी मी त्याच जागी स्टँडवर लावली. सासरे काठी टेकत खळ्यात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, "काय वो, गळता काय?"

"नाय मामानू."

"गळतली कशी! माझा काम आसा तां." ते खूश झाले. काठीने गाडीच्या मागच्या बाजूकडे खूण केली. "थंयसून तेल पडत होता. जावयाक गळकी गाडी देवची? लोक काय म्हणतले? होडयेक भरतंव तसा कापूस भरलंय, राळ ओतलंय. ह्यो," आणि त्यांनी पडवीत पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे मान वळवली, "ह्यो माका शिकवी, बाबा, ती नळी बंद करूची नसता म्हणान! मी म्हटलंय, तू ऑफिसात बस, गळती कशी थांबवतत ती माका शिकव नको."

मी मेव्हण्याकडे बघितलं. तो तांब्याकडे बघत होता.

म्हणजे त्याला माहीत होतं. नळी बंद करायची नसते हे माहीत होतं, बापाने ती बंद केली हे माहीत होतं, आणि तरी तो मला म्हणाला, तेलगळती अजिबात नाही. माझ्या तोंडात शब्द आला. खळ्यात पाहुणे होते, शेजारचे होते, पुरावा माझ्या खिशात होता, कागदात गुंडाळलेला बुचाचा अर्धा तुकडा. मी इतके महिने ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हाच.

आणि तेवढ्यात मला नळीच्या टोकाला थेंब दिसला. लांबची चाल झाली होती, इंजिन गरम होतं. थेंब फुगला, लोंबला आणि ताज्या सारवलेल्या खळ्यावर पडला. हिरव्यावर काळा, रुपयाएवढा. सासरे काठी टेकत वाकायला लागले. खाडीपलीकडचा माणूस ओळखणारी ती नजर.

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि चप्पल त्या थेंबावर ठेवली.

"काय झाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय नाय. पाय आकडलो. लांबसून इलंव मां."

ते समाधानाने सरळ झाले आणि पाहुण्यांकडे वळून सांगायला लागले की त्यांच्या होडीत कधी पाणी शिरलं नाही. मी तिथेच उभा राहिलो. दुसरा थेंब माझ्या पावलावर पडला. तिसराही. गाडीची गळती जगाला दाखवायला मी आलो होतो आणि ती पायाखाली दाबून उभा होतो, आणि समोर पडवीतून माझा मेव्हणा हे सगळं बघत होता. त्याला कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्याला कळलं होतं.

नंतर विहिरीवर मी पाय धूत होतो. तो नारळाचं सोडण, काथ्याचा पुंजका, आणि साबण घेऊन आला, चप्पल घासायला. मी हळू आवाजात विचारलं, "तुका म्हायत होता?"

तो म्हणाला, "भावोजी, या विषयावर आपण सविस्तर बोलू."

"आता बोल."

"बाबा ऐकतील."

एवढंच. मग तो माझी चप्पल घासत बसला. पाटावर बसून, मान खाली घालून, चांगली स्वच्छ केली. बायकोने देवीची ओटी भरली, आम्ही जेवलो, सोलकढी प्यालो आणि अंधार व्हायच्या आत घरी परतलो. नळीच्या टोकाला मी आता औषधाची रिकामी बाटली बांधली आहे. थेंब तीत पडतात. पुढच्या वेळी खळ्यात उभं राहायला मी मोकळा.

पण हे प्रकरण माझ्याकडून मिटलेलं नाही. सासऱ्यांवर माझा काही दावा नाही. त्यांनी जे केलं ते माझ्या मानासाठी केलं. माझा दावा तुझ्यावर आहे, दादानू. बापाचा मान राखायला तू गप्प बसलास, हे मला कळतं, मी पण तेच केलं. पण मे महिन्यात फोनवर मी ओरडत होतो तेव्हा बाबा तुझ्याजवळ नव्हते. तू ऑफिसात होतास. एक वाक्य सांगितलं असतंस, नळी बघा म्हणून, तर मी ते कुणाला बोललो नसतो. तू नाही सांगितलंस. मला तुला चोर समजू दिलंस, चोर म्हणू दिलंस, आणि तुझी बहीण चतुर्थीला आपल्या घरी आली नाही. इंजिनाची तक्रार मी सोडतो, ते मी दुरुस्त केलं. तो सण मला दुरुस्त करता येत नाही. त्याचं उत्तर तू द्यायचं आहेस.

गाळ्यावर ये. बाबा इथे ऐकणार नाहीत, तुझी बहीण चहा करील आणि आत जाईल. माझ्या समोर बस आणि सांग, का बोलला नाहीस. आणि स्थिती, गळती, सविस्तर हे तुझे शब्द ऑफिसात ठेवून ये. मालवणीत सांग.